तासाचा दहावा भाग

वकिलांचे घड्याळ सहा-सहा मिनिटांनी पुढे सरकते.
सहा मिनिटे म्हणजे शून्य पूर्णांक एक.
अशा दशांशांची बत्तीस पाने
माझ्या टेबलावर आहेत, पॅटरसनच्या कोर्टात,
तिसऱ्या मजल्यावर. हीटर खोकतो आहे
आणि पेन्सिलीला अजून टोक आहे.

खटला मार्चमध्येच संपला.
एर्मेलिंदा उआमान, शाळेच्या बसवर
मुलांची चढ-उतर सांभाळणारी,
तिने रूट शेहेचाळीसवरून जुनी व्हॅन घेतली.
मीटरवर बासष्ट हजार मैल.
चाकांखाली एक लाख चाळीस हजार.
नुकसान, दोन हजार एकशे ऐंशी डॉलर.
कायद्याने ते तिप्पट केले
आणि वर म्हटले, वकिलाची फी
फसवणाऱ्याने द्यावी. वाजवी.

वाजवी.
एवढा एक शब्द टाकून विधिमंडळ घरी गेले,
मी इथे बसले आहे.

प्रतिवादीचे वकील डेल्क
पाऊण तास बोलले. अर्थ एवढाच,
साडेसहा हजारांसाठी सत्तर हजार?
चार आण्यांची कोंबडी, बारा आण्यांचा मसाला!
मी म्हटले, तुमचेही तास दाखल करा.
कुरकुरले. मग केले.
दोनशे एक.
म्हणजे खोटे झाकायला दोनशे एक तास
आणि उघडे पाडायला एकशे सत्त्याऐंशी पूर्णांक चार.
मसाला दोन्ही पाट्यांवर वाटला जात होता.

पेन्सिल चालते.
एका जबानीला दोन वकील कशाला?
सहा पूर्णांक दोन, खोडले.
सोडून दिलेल्या मुद्द्यावर अकरा तास वाचन,
खोडले.
झेरॉक्स काढल्या, तीन पूर्णांक एक, वकिलाच्या दराने!
हे खोडताना थोडी मजा आली,
ती निकालपत्रात येणार नाही.
दर मागितला पावणेचारशे;
लोइस ग्राबाउस्कीएवढ्या अनुभवाला
या जिल्ह्यात सव्वातीनशे मिळतात.
सव्वातीनशे.

मग पान एकोणीस.
"०.३ – अशिलासोबत कॉरिडॉरमध्ये बसले."
कशासाठी, काय बोलणे झाले, काही नाही.
डेल्कनी समोर लाल खूण केली आहे,
हे वकिली काम नव्हे.
खरे आहे त्यांचे.
अठरा मिनिटे गप्प बसण्याचा दर
कुठल्या तक्त्यात शोधू?
तारीख पाहिली. उलटतपासणीचा दिवस.
त्या सकाळी डेल्कनी बाईंना विचारले होते,
"तुम्हाला आकडे वाचता येतात ना?"

पेन्सिल तिथे थांबली.

न्यायाधीशाचा झगा अंगावर येण्याआधी
डोनटच्या दुकानावर माझी एक खोली होती.
तिथे अँब्रोज टिली नावाचा माणूस आला,
हातात फ्रीजची पावती. चारशे दहा डॉलर.
जुनाच फ्रीज, रंग देऊन नवा म्हणून विकलेला.
मी पावती पाहिली, मनात तास मोजले
आणि म्हटले, तुम्हाला परवडणार नाही.
खरे तर मला परवडणार नव्हते.
त्याने पावती तिच्याच जुन्या घडीवर
पुन्हा दुमडली, खिशात ठेवली,
आणि वेळ दिल्याबद्दल माझे आभार मानले.
सहा मिनिटेही झाली नसतील.

बेरीज, एकशे सदुसष्ट पूर्णांक एक तास.
चोपन्न हजार तीनशे सात डॉलर, पन्नास सेंट.
डेल्क अपिलात जातील.
ग्राबाउस्की म्हणतील, कमी दिले.
०.३ मी ठेवले आहे.
कारण लिहावे लागेल, वरचे कोर्ट विचारते.

आठ वाजून चाळीस.
सफाईची ढकलगाडी दारापाशी थांबली, पुढे गेली.
मी लिहिते, "साक्षीदाराची तयारी."
साक्ष तर तेव्हा होऊन गेली होती.
खोडते.
लिहिते, "आवश्यक."